आधी खूण सांग, मग उत्तर

तुम्ही पाच जण ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत क्रिप्टिक क्रॉसवर्ड घेऊन बसता हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला फार बरं वाटलं. मग तू म्हणालीस की एक जण भराभर उत्तरं सांगून टाकतो, बाकीचे बघत राहतात आणि त्यातले दोघं आता डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसायला लागलेत. त्यावर फोनवर मी जे बोलले ते अपुरं होतं, म्हणून हे सविस्तर लिहून पाठवते आहे. एकट्याने कोडं कसं सोडवावं याची पुस्तकं मिळतात. चारचौघांत कसं सोडवावं ते मला माटुंग्याला आमच्या शेजारच्या अम्मांनी शिकवलं. त्यांच्याकडे ‘द हिंदू’ यायचा. रविवारी सकाळी त्यांच्या गॅलरीत फिल्टर कॉफी व्हायची आणि मजल्यावरचे आम्ही काही जण तिथे गोळा व्हायचो. त्यांनी घालून दिलेले नियम तुला सांगते.

पहिला नियम सगळ्यात महत्त्वाचा. उत्तर सुचलं तर ते बोलायचं नाही. नुसतं ‘दिसलं’ म्हणायचं आणि गप्प राहायचं. ‘दिसलं’ हा शब्द कानावर पडला की बाकीच्यांना कळतं, हा क्लू सुटण्याजोगा आहे. तेवढ्या भरवशावरच पुष्कळदा दुसऱ्या कोणाला तरी तो सुटतो. नाही सुटला तर ज्याला दिसलं त्याने पहिली खूण द्यायची, ती म्हणजे क्लूचा प्रकार: अक्षरांची अदलाबदल आहे, शब्द आत दडलेला आहे, दोन तुकडे जोडायचे आहेत, की आणखी काही. तरी अडलं तर दुसरी खूण, सरळ अर्थ कुठल्या टोकाला आहे ती. तिसरी खूण म्हणजे उत्तरातलं एक अक्षर, आणि तेही मधलं. पहिलं अक्षर दिलं की माणूस विचार करायचा थांबतो आणि त्या अक्षराने सुरू होणारे शब्द आठवत बसतो. इतकं करूनही नाही सुटलं तर उत्तर सांगायचं, पण ते उकलीसकट. कुठला तुकडा कुठून आला हे सगळ्यांना पटल्याशिवाय पेन कागदाला लावायचं नाही. ‘अक्षरं जुळतात ना, मग असणारच’ हे अम्मांनी कधी चालवून घेतलं नाही.

तुझ्या त्या भराभर सांगणाऱ्या मित्राला हे जाचेल असं तुला वाटेल. खरं म्हणजे त्याला यात जास्त काम मिळतं. उत्तर ठाऊक असताना दुसऱ्याला तिथपर्यंत नेईल अशी खूण शोधायची, फार उघडीही नाही आणि फार धूसरही नाही, हे कोडं सोडवण्याहून अवघड असतं. हुशार माणसाला त्यात गोडी लागते. तेव्हा त्याला गप्प कर म्हणू नकोस. ‘आज खुणा तू द्यायच्यास’ असं सांगून जबाबदारी दे.

आता क्लूची घडण. ती तुला ठाऊक आहे, पण दुसऱ्याला समजावायची वेळ आली की आपण अडखळतो, म्हणून मराठीतून दाखवते. अम्मा हे तमिळमधून करायच्या. आपल्या भाषेत एकदा घडण दिसली की इंग्रजीत ती लवकर ओळखता येते, आणि तुमच्यातला प्रत्येक जण आपापल्या भाषेत असं करू शकेल.

‘जंगलाचा गंध रामाच्या वाट्याला (४)’. जंगल म्हणजे वन, गंध म्हणजे वास, जोडले की वनवास, आणि तो रामाच्या वाट्याला आला. क्लूमध्ये बहुतेक वेळा अशा दोन वाटा असतात. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, उरलेल्या भागात त्याच उत्तराकडे जाणारी आडवाट. अर्थ सुरुवातीला असतो किंवा शेवटी, मधोमध नसतो. म्हणून कुठलाही क्लू आला की दोन्ही टोकांकडून तपासायचा.

‘बारामतीत दडलेली बुद्धी (२)’ याचं उत्तर बारामतीतच लिहिलेलं आहे: मती. ‘नदी उलटली की गरीब (२)’ म्हणजे दीन. ‘कमल विस्कटून माळी बांधतो (३)’ म्हणजे कलम. ‘साराच्या पोटात आकाश, गोड लागणारच (३)’ हा जरा अवघड आहे. आकाशाला संस्कृतात ख म्हणतात, खग शब्दात तोच आहे. सारच्या आत ख घातला की साखर. ‘पाऊस डोकं गमावतो तेव्हा रसाळ पीक (२)’ म्हणजे ऊस. ‘सरकारला द्यायचा हात (२)’ म्हणजे कर. इथे आडवाट नाही, दोन सरळ अर्थच एकमेकांना चिकटवून ठेवलेत. इंग्रजीतले बहुतेक क्लू या सहा-सात जातींतलेच असतात किंवा त्यांच्या मिश्रणाचे. इंग्रजीत आणखी एक जात आहे, उच्चार सारखा आणि स्पेलिंग वेगळं अशा शब्दांची. मराठीत आपण बोलतो तसंच जवळपास लिहितो, त्यामुळे ती जात इथे रुजत नाही. अक्षरांची अदलाबदलही मराठीत कमी सापडते, कारण काना-मात्रा अक्षराला चिकटून बसतात. इंग्रजीत मात्र प्रत्येक अक्षर मोकळं असतं. ‘लिसन’ची सहा अक्षरं हलवली की ‘सायलेंट’ होतं. तिथल्या कोड्यांत अशा क्लूंची इतकी रेलचेल असते ती यामुळे.

घोळक्यात बसलं की एक जण क्लू मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. तुम्हीही असंच करत असाल. इथे एक सापळा आहे, आणि तो एकट्याने सोडवणाऱ्याला इतका कधी बाधत नाही. मोठ्याने वाचताना वाचणारा नकळत उच्चार ठरवून टाकतो, आणि त्या उच्चारात क्लूची किल्ली हरवते. लंडनचं ‘फ्लॉवर’, सहा अक्षरं, या जुन्या क्लूचं उत्तर थेम्स, कारण तो शब्द फूल या अर्थाचा नाही. ‘फ्लो’ होणारी ती ‘फ्लोअर’, वाहणारी नदी. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कानाला मात्र फूलच ऐकू येतं. ‘टॉवर’ म्हणजे मनोरा, पण ‘टो’ करणारा असला तर बंद पडलेली गाडी ओढून नेणारा. ‘सुअर’ म्हणजे गटार, तेच स्पेलिंग ‘सोअर’ वाचलं की शिवणारा. क्लूचा पहिला शब्द ‘पॉलिश’ असला तर तो मोठ्या अक्षरानेच सुरू होणार, मग तो पोलंडचा ‘पोलिश’ आहे की बुटाचं पॉलिश, ते ऐकून कसं कळेल?

अम्मांच्या गॅलरीत एकदा ‘ॲन ओल्ड नंबर?’ असा पाच अक्षरांचा क्लू होता. तो वाचला गेला ‘नंबर’ असाच, आणि आम्ही सगळे रोमन आकडे, जुने टेलिफोन नंबर, जुनी गाणी असं काय काय शोधत बसलो. आमच्यातली एक जण भूलतज्ज्ञ होती. तिने वर्तमानपत्र हातात घेऊन तो शब्द स्वतः वाचला आणि ‘दिसलं’ म्हणाली. ‘नम’ करणारा, बधिर करणारा तो ‘नमर’. जुन्या काळी भूल द्यायला वापरायचे ते ईथर.

तेव्हा प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर कागद हवाच. तुमच्या ऑफिसात प्रिंटर आहे, तेव्हा पाच प्रती काढायला काही अडचण नाही. मोठ्याने वाचायचं झालं तर सपाट आवाजात, कुठेही थांबा न घेता वाचायचं. क्लूमधली विरामचिन्हं बहुतेक दिशाभूल करायलाच ठेवलेली असतात आणि वाचणारा नेमका तिथेच थांबतो. प्रश्नचिन्हाकडे मात्र लक्ष ठेवायचं. ते असलं की कोडं रचणाऱ्याने अर्थ जरा ताणलेला असतो आणि तसं तो तुम्हाला कळवत असतो, वरच्या ईथरच्या क्लूमध्ये होतं तसं.

पहिली दहा मिनिटं कोणी काहीच बोलायचं नाही. पंधरा बाय पंधराच्या नेहमीच्या चौकटीत साधारण तीस क्लू असतात. चौकटीचे चार कोपरे वाटून घ्या. प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यातले क्लू शांतपणे वाचायचे, जे सुटतील ते पेन्सिलीने हलके लिहायचे आणि मग सगळ्यांनी मिळून एकच प्रत पुढे घ्यायची. तुम्ही पाच आहात, तेव्हा नव्याला जोडीदार देता येईल. हळू विचार करणाऱ्या माणसाला या दहा मिनिटांत त्याचं स्वतःचं काहीतरी सापडतं. ते घेऊन तो गप्पांत उतरतो, नुसता बघ्या राहत नाही. दुसऱ्या टेबलावर गेलेल्या तुमच्या त्या दोघांना परत बोलवायचं असेल तर याने सुरुवात कर.

पहिल्या फेरीत अक्षरांची अदलाबदल आणि आत दडलेले शब्द शोधायचे, कारण त्यांच्या उत्तराची सगळी अक्षरं क्लूमध्येच असतात. ‘ब्रोकन’, ‘ड्रंक’, ‘वाइल्ड’, ‘कुक्ड’ असा मोडतोड किंवा गोंधळ सुचवणारा शब्द दिसला की शेजारच्या शब्दांची अक्षरं मोजायची आणि कंसातल्या आकड्याशी जुळतात का पाहायचं. जुळली तर ती गोल करून लिहायची. सरळ ओळीत लिहिली तर मूळ शब्दच डोळ्यांसमोर नाचत राहतो. मग वरची ओळ आणि डावीकडचा पहिला स्तंभ आधी भरायच्या मागे लागायचं, कारण तिथली उत्तरं बाकीच्या शब्दांना त्यांची पहिली अक्षरं देतात, आणि एका पहिल्या अक्षराची किंमत मधल्या दोन अक्षरांइतकी असते.

लहान शब्द वगळून वाचायची सवय मोडावी लागते. ‘इन’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘अबाउट’, ‘बाय’ हे शब्द क्रिप्टिकमध्ये गवंड्याचं काम करतात: काय कशाच्या आत जायचं, काय कशाच्या शेजारी बसायचं, काय कशाला वेढायचं. शिवाय ‘ऑन’ म्हणजे क्रिकेटमधली लेग बाजूही असते. क्रिकेटमुळे आपल्या लोकांना इथे फायदाच होतो. डक म्हणजे शून्य, म्हणून ओ. मेडन म्हणजे एम, विकेट म्हणजे डब्ल्यू. क्रिकेट न खेळणाऱ्या देशातला माणूस इथे अडकून पडतो. तसेच आपले शब्द. इंग्लंडातल्या कोड्यात ‘इंडियन ब्रेड’ म्हणजे नान, ‘इंडियन क्वीन’ म्हणजे रानी, इंडियन ड्रेस म्हणजे बहुधा सारी.

असे ठरावीक संकेत शेकड्यांनी आहेत. खलाशी म्हणजे ‘टार’ किंवा ‘ए-बी’, कामकरी म्हणजे मुंगी नाहीतर मधमाशी, प्रेम म्हणजे टेनिसमधलं शून्य, संगीतात हळू म्हणजे पी आणि मोठ्याने म्हणजे एफ. एका सामाईक वहीत ते लिहीत जा. माझ्याकडे अम्मांच्या वहीची नक्कल आहे, पण ती तुला पाठवणार नाही. दुसऱ्याने केलेली यादी पाठ केली तर क्लूमध्ये संकेत शोधायची सवय लागते आणि क्लू वाचायची राहून जाते. ज्या दिवशी जो संकेत भेटला तो त्या दिवशी त्या क्लूसकट लिहायचा. वही ज्याच्या घरी जाईल त्याने पुढच्या वेळी ती आणायची, एवढी शिस्त पुरे.

मंडळी जमवताना एकाच धाटणीची जमवू नका. पाचही जण इंग्रजीचे पदवीधर असले तरी कोडं अडतं. आमच्यात रसायनशास्त्र शिकवणारी एक होती, तिला सोनं म्हटलं की ‘ए-यू’ आणि लोखंड म्हटलं की ‘एफ-ई’ आपोआप दिसायचं. एक रेल्वेतला होता, एक बँकेतला, अम्मांना कर्नाटक संगीत आणि बायबल दोन्ही येत होतं, कारण त्या मिशनच्या शाळेत शिकल्या होत्या. ‘वर्कर इन चार्ज ऑफ केपर (५)’ हा क्लू मला अजून आठवतो, कारण तो एकाने सोडवलाच नाही. एक जण म्हणाली, वर्कर म्हणजे ‘ॲंट’ असावी. रेल्वेवाला म्हणाला, आमच्या फायलींवर इन चार्जला आय-सी लिहितात. मी शेवटी पोचले, ‘केपर’ म्हणजे माकडचेष्टा, म्हणजे ‘ॲंटिक’. पहिल्या दोघांना उत्तर ठाऊक नव्हतं आणि त्यांच्याशिवाय मलाही ते सुचलं नसतं. म्हणून अर्धवट सुचलेलं नेहमी बोलून टाकायचं. गप्प राहायचं ते फक्त पूर्ण उत्तराबद्दल. हा फरक तुमच्यात सगळ्यांना नीट समजावून सांग, कारण बुजरी माणसं नेमकं उलटं करतात: अर्धं सुचलेलं गिळतात आणि पुरतं खात्रीचं झालं की मगच बोलतात.

अर्धवट सूचनेला कोणी हसलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवायचं. हे काम तूच करायचंस, बाकीच्यांवर सोडू नकोस.

एखादा कोपरा बराच वेळ हलला नाही, तर नव्या क्लूंवर डोकं आपटत बसू नका. तिथे आधी लिहिलेल्या उत्तरांकडे बघा. अडलेल्या कोपऱ्यात बहुधा एखादं उत्तर चुकीचं लिहिलेलं असतं, जुळणारं पण उकल नसलेलं, आणि त्याचं एक अक्षर शेजारच्या दोन-तीन शब्दांना अडवून धरतं. म्हणून उकल पटली नसेल तर ते उत्तर पेन्सिलीने, बारीक अक्षरात, चौकोनाच्या कोपऱ्यात. तसंच अर्थाचा शब्द अनेकवचनी असला तर शेवटी एस येण्याची शक्यता लिहून ठेवायची, भूतकाळी असला तर ‘ई-डी’ची. शक्यताच, कारण रचणाऱ्यांनाही ही सवय ठाऊक असते.

सुट्टी संपली आणि चार क्लू राहिले, तर राहू देत. कागद भिंतीवर लावून ठेवा. दुपारी पाणी प्यायला उठलेल्या माणसाला जाता जाता एकदम दिसतं. यात चमत्कार काही नाही. चुकीच्या वाटेवर घट्ट रुतलेलं लक्ष मधल्या वेळात सुटतं, इतकंच. मोबाइल तोवर पालथा. अक्षरं टाकली की जुळणारे शब्द काढून देणारी साधनं आता सगळ्यांच्या खिशात आहेत, आणि पाच जणांतल्या एकाने ती उघडली की बाकीच्या चौघांची सुट्टी वाया जाते. शब्दकोश वापरायला हरकत नाही, पण आधी उत्तर बांधायचं, मग ‘चेंबर्स’मध्ये तसा शब्द आहे का, त्याचा तो अर्थ आहे का, हे पाहायचं. इंग्लंडातल्या अवघड कोड्यांसाठी हाच शब्दकोश प्रमाण धरतात. अनोळखी शब्दही उकलीवरून बांधता येतो आणि मग तो कोशात खरोखर सापडतो, तेव्हा पाचही जणांना होणारा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. तो तुम्ही घ्या.

रचणाऱ्याशी ओळख वाढवा. ‘द हिंदू’त कोड्यावर रचणाऱ्याचं टोपणनाव असतं: ग्रिडमन, संकलक, नेयार्थ, बझर अशी नावं मी पाहत आले आहे. त्या वर्तमानपत्राची सुरुवातीची कोडी ॲडमिरल राम दास कटारी रचत. १९५८ साली नौदलाचे प्रमुख झालेले ते पहिले भारतीय. निवृत्तीनंतर त्यांनी हे काम हाती घेतलं, हे अम्मा फार अभिमानाने सांगायच्या. प्रत्येक रचणाऱ्याची एक ढब असते. कोणाला संगीत प्रिय, कोणाला पुराणं, कोणी अक्षरं हलवण्यावर भिस्त ठेवतो. ढब कळली की क्लू वाचताना त्या माणसाचं बोलणं ऐकू यायला लागतं.

यातला इतिहास थोडा सांगते, कारण न्याय्य क्लू कुठला आणि अन्यायाचा कुठला यावर तुमचे वाद होणारच. पहिलं क्रॉसवर्ड २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांनी दिलं, आणि त्यातले क्लू सरळ होते. वळणाचे क्लू इंग्लंडात वाढले. एडवर्ड पॉविस मॅदर्स १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये टॉर्केमाडा या नावाने अत्यंत कठीण कोडी देऊ लागले. हे नाव स्पेनमधल्या धर्मन्यायालयाच्या क्रूर प्रमुखाचं. १९३९ मध्ये ते वारल्यावर डेरिक मॅकनट आले, त्यांनी झिमेनीझ हे नाव घेतलं, तोही धर्मन्यायाधीश. १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी अझेड हे नाव घेतलं; देझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाचं नाव रोमन अक्षरांत उलटं केलं की ते होतं, आणि ए ते झेडही त्यात येतं.

झिमेनीझ यांनी १९६६ साली पुस्तक लिहून क्लूची नीती ठरवली: अचूक अर्थ, न्याय्य आडवाट, आणि तिसरं काहीही नाही. क्लूमधला एकही शब्द भरतीचा नको. रचणाऱ्याने फसवावं, पण व्याकरणाने खोटं बोलू नये. वाद झाला की हीच कसोटी लावा. माझं मत विचारशील तर ही नीती पाळणारी कोडीच घोळक्याला मानवतात. नीती नसेल तर उकल कोणालाच पटत नाही, आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर लिहिलं जातं.

तरी नियम थोडे सैल ठेवून लोकांनी जिवापाड प्रेम केलेला एक रचणारा झालाच. जॉन ग्रॅहम नावाचे पाद्री. ‘गार्डियन’मध्ये १९५८ पासून कोडी देत. त्यांचं टोपणनाव अरॉकेरिया, म्हणजे इंग्रजीत ज्याला मंकी पझल म्हणतात ते झाड. त्याच झाडाचं दुसरं नाव चिली पाइन. त्याची अक्षरं हलवून ‘सिनेफाइल’ होतं, आणि ‘फायनान्शियल टाइम्स’मध्ये ते याच नावाने लिहीत. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी ‘गार्डियन’च्या कोड्यातून वाचकांना कळवलं की आपल्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे. आजाराचं नाव आणि उपचाराचे शब्द त्या दिवशी लोकांनी एकेक क्लू सोडवत स्वतःच्या हाताने चौकोनांत लिहिले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. रचणाऱ्याशी असं नातं जुळतं, म्हणूनच क्लू आवडला तर त्याला कळवायचं, ही अम्मांची रीत होती. त्या ‘द हिंदू’ला पोस्टकार्ड टाकायच्या, त्यावर आवडलेला क्लू आणि खाली आम्हा सगळ्यांच्या सह्या. तुम्हाला ईमेल आहे. महिन्यातून एकदा तरी लिहा.

आणि स्वतः क्लू रचा. सोडवणं याने जितकं सुधारतं तितकं कशाने सुधारत नाही. शुक्रवारी एक शब्द ठरवायचा, सोमवारी प्रत्येकाने त्यावर एक क्लू आणायचा आणि वर सांगितलेल्या कसोटीवर सगळ्यांनी तो तपासायचा. झिमेनीझ आणि अझेड वाचकांसाठी अशीच क्लू रचण्याची स्पर्धा ठेवत. कॉलिन डेक्स्टर त्यात भाग घेत. इन्स्पेक्टर मोर्स आणि सार्जंट लुईस या त्यांच्या पात्रांची नावं त्या स्पर्धांतल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवरून आली आहेत. आपल्याकडे तर शब्दांना असं वळवण्याचा सराव जुना आहे. मोरोपंतांनी एक अख्खं रामायण ओठ न मिटता म्हणता येईल अशा अक्षरांत रचलं, निरोष्ठ रामायण. ते बारामतीला राहत, म्हणूनच तो बारामतीचा क्लू मला आवडतो. तुमच्यात मराठी बोलणारे दोघं असाल तर दोघांनी मराठीतही रचून बघा. इंग्रजीत दुसऱ्यांनी वापरलेल्या युक्त्याच बहुधा आपल्या हाती लागतात, मराठीत बरीच जमीन अजून नांगरायची आहे.

वेळ लावून सोडवायची हौस तुमच्यातल्या कोणाला येईलच. जानेवारी १९४२ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा ठेवली होती आणि त्यातल्या काहींना नंतर ब्लेचली पार्कला सांकेतिक संदेश फोडायच्या कामावर बोलावलं गेलं. ही गोष्ट तुझा तो भराभर उत्तरं सांगणारा मित्र तुम्हाला सांगणार. त्याला घड्याळ लावून घरी सोडवू दे, ऑनलाइन स्पर्धांत उतरू दे, त्याला शाबासकीही द्या. टेबलावर मात्र घड्याळ नको, कारण घड्याळ आलं की सगळ्यात हळू माणूस सगळ्यांना ओझं वाटायला लागतो, आणि त्याला ते सगळ्यात आधी कळतं.

नवं कोणी आलं तर त्याला आपली हुशारी दाखवायला अवघड क्लू पुढे करू नका. आत दडलेल्या शब्दाचा क्लू राखून ठेवा, ‘उत्तर या ओळीतच लिहिलेलं आहे’ एवढीच खूण द्या आणि वाट बघा, मग कितीही वेळ लागो. आणि लिहायचं पेन पहिल्या दिवसापासून त्याच्याच हातात द्या. बोलणाऱ्यांच्या घाईत नवा माणूस मागे पडतो, पण पेन त्याच्याकडे असलं की प्रत्येक उत्तराची उकल सगळ्यांना त्याला समजावून सांगावीच लागते. तो पटलं म्हणेपर्यंत चौकोन रिकामे राहतात.